समुद्र किती टक्के भरला?

सोलापूर, २० एप्रिल

ती. ताईस,

वाकून नमस्कार. म्हणजे गुडघे वाकू देतात तितकाच.

विषय महत्त्वाचा आहे म्हणून फोन केला नाही. फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि मग 'तू माझं ऐकूनच घेत नाहीस' असं दोघंही म्हणून फोन ठेवतो. दाजींनी त्यावर नियम घालून दिला होता, भांडायचं असेल तर पत्रातून भांडा, निदान एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होईल. दाजी गेले तरी नियम चालू आहे. तेव्हा पत्र.

तर मी होडी घेतोय. लहानशी, किनाऱ्याजवळ मासेमारीला नेता येईल अशी. हसून झालं की पुढे वाच.

मी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली आणि उजनीच्या पाण्याची नोंद ठेवली. आज किती टक्के, काल किती होतं, अजून शून्याच्या खाली, वजामध्ये, की वर आलं. जिल्ह्यातला कोणीही भेटला की माझी तब्येत विचारायच्या आधी 'साहेब, धरण किती?' असं विचारायचा. त्यामुळे मला पाण्यातलं कळत नाही असं तू म्हणू शकत नाहीस. म्हणशीलच, पण म्हणू शकत नाहीस.

गेल्या रविवारी उजनीकाठी जाऊन आलो. तिथे कुंडलिक म्हणून एक जण फायबरच्या होड्या विकतो. एक होडी मला फार आवडली. निळी आहे, तळ सपाट, लांबीला आपल्या दिवाणखान्याएवढी. मी आत उभा राहिलो, चार उड्या मारल्या, जागची हलली नाही. तरी मी भाबडा नाही, त्याला स्पष्ट विचारलं, ही समुद्रात चालेल का? तर म्हणाला, "सायब, समिंदर म्हंजी काय, मोठं धरणच की! हितं चालती, तितं पळंल." बोलणं अडाणी वाटलं तरी मुद्दा पटण्यासारखा आहे.

तुझं घर खाडीच्या तोंडाशी. दाजी रोज पहाटे होडी घेऊन जायचे आणि तू दारात उभी राहून त्यांना ओरडायचीस. एवढा अनुभव वाया जाऊ नये असं मला वाटतं. तेव्हा सांग, होडी निवडताना काय बघावं? आणि जाता जाता हेही कळव, सध्या तुमच्याकडे समुद्र किती टक्के भरला आहे?

तुझा,
गंगाधर


तेरेखाडी, ता. मालवण
२९ एप्रिल

चि. गंगाधर,

आशीर्वाद. सोलापूरचं ऊन मी विसरले होते, तुझ्या पत्राने आठवण करून दिली. दुपारी टोपी घालत जा.

तुझं पत्र शेजारच्या शेवंतीला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग नवऱ्याला बोलावून आणलं आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं. समुद्र शंभर टक्के भरला आहे. पृथ्वी झाली तेव्हापासून तसाच आहे आणि विसर्ग करण्याचा तूर्त कोणाचा विचार नाही. तुझ्या जुन्या खात्याला कळव, त्यांना काळजी असेल.

आता होडी. ज्या शहरात नळाला पाणी यायची चार-चार दिवस वाट बघतात, तिथल्या माणसाने होडी घ्यावी ही हौस मला आवडली. विचारलंस म्हणून सांगते. सपाट तळाची होडी धरणात हलत नाही, कारण धरणाला काही म्हणायचं नसतं. समुद्राला असतं. लाट आली की सपाट तळ तिच्यावर आपटत बसतो, आणि अर्ध्या तासात तुझ्या कमरेचे मणके एकमेकांची ओळख विसरतील. होडीला खाली मधोमध कणा हवा आणि पुढचं टोक निमुळतं हवं, म्हणजे ती लाट कापत जाते. काठ उंच हवेत. वजन इतकंच हवं की दोन माणसांना ती वाळूवरून वर ओढता यावी. आणि इकडे लहान होडीच्या एका अंगाला आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाला एक ओंडका तरंगत ठेवतात. त्याला उलांडी म्हणतात. होडी कलंडायला लागली की उलांडी तिला सावरते. तुझ्या दाजींच्या होडीला एका बाजूला होती. तुला दोन्ही बाजूंना लागेल.

अजून एक. तू मासे खात नाहीस. मी या घरात लग्न करून आले तेव्हा 'पोरगी मासेखाऊंत गेली' म्हणून अप्पा कितीतरी वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. तू बोलत राहिलास, पण अजूनही माझ्याकडे आलास की आपलं ताट उचलून खिडकीशी जाऊन बसतोस, वास नको म्हणून. मग पकडलेल्या माशांचं काय करणार? उजनीत नेऊन सोडणार?

माझं बरं चाललं आहे. शिमग्याला विहिरीच्या पायरीवरून घसरले ते तुला माहीत आहेच. शेवंती येईपर्यंत तशीच पडून होते, अंगभर तेल, लुगड्याचा बोळा. वरद पुण्याहून धावत आला आणि त्याने निकाल देऊन टाकला की आई आता एकटी राहायच्या लायकीची नाही. दिवाळी झाली की मला पुण्याला नेणार आणि घराला कुलूप लावणार. मग वर्षभराने 'आई, बंद घर कशाला ठेवायचं' हे सुरू होईल. मुलगा माझाच आहे, मला माहीत आहे. फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. खिडक्यांना जाळी लावली आहे, कबुतरांसाठी म्हणे. कबुतरं बाहेर हिंडतात आणि जाळीच्या आत मी बसायचं.

मला जायचं नाही, गंगाधर. एवढं एक वाक्य थट्टा न करता लिहिलं आहे, त्याची नोंद घे. नोंदी घेण्यात तुझा जन्म गेला.

तुझी ताई


सोलापूर, ८ मे

ती. ताई,

तुझ्या पत्राची पोच देतो. कण्याचा मुद्दा विचारार्थ ठेवला आहे. बाकी मजकुरात अवांतर फार.

मी स्वस्थ बसलेलो नाही. इथल्या तलावात पायडल मारायची हंसाची होडी असते, तीत बसून सराव करून आलो. हंसाची मान मध्ये येत असल्यामुळे पुढचं नीट दिसत नाही, पण समुद्रात पुढे बघण्यासारखं तसंही काय असतं!

होडी ठेवायची कुठे हा प्रश्न आहे. तुझ्या मागच्या पडवीत जागा असेलच. कुंडलिक म्हणतो, होडी म्हंजी दुभती म्हस, रोज तिच्याकडं बघाया लागतं. म्हणजे घेतली की मला वर्षातले आठ-नऊ महिने तिथेच राहावं लागणार. माझा नाइलाज आहे. यशोदाही येईल, तिच्या सांध्यांना समुद्राची हवा मानवेल असं तिला एकाएकी वाटायला लागलं आहे. मागची खोली रिकामीच असते ना? तिथे पंखा चालतो का? तुमच्याकडे ज्वारी मिळते का, आणि गिरणीवाला ती तांदळाच्या पिठात मिसळून देत नाही ना?

पुण्याचं म्हणशील तर, बघू.

तुझा,
गंगाधर

ता. क. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायच्या आधी मी दोन ओळी घुसवते आहे. हे रोज संध्याकाळी गच्चीवर खाट टाकतात आणि त्यावर बसून दोन बांबूंनी वल्हवतात. काल शेजारच्या शिवयोगीने त्याच्या गच्चीवरून विचारलं, "काका, कुटंपर्यंत पोचला?" हे म्हणाले, "आलोच, रत्नागिरी दिसतीय." तुम्ही रागावू नका. — यशोदा


सोलापूर, १० मे

चि. वरद,

फोन केला की तू 'मामा, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. पत्राला मीटिंग नसते.

आईला पुण्याला न्यायचं ठरवलंस यात तुझी चूक नाही. आई विहिरीपाशी एकटी पडून होती हे ऐकल्यावर कुठलाही मुलगा हेच म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण ते घर सुटलं तर ती सहा महिन्यांत वाळून जाईल, हे तुलाही कळतं आहे, म्हणूनच तू माझे फोन टाळतोस. मागे तू म्हणाला होतास, कोणी घरचं माणूस कायम सोबत राहणार असेल तर मी हट्ट सोडतो. ते घरचं माणूस मी. मी आणि तुझी मामी. आमच्या आशिषचा आणि सूनबाई अंकिताचा संसार इथे उत्तम चालला आहे. आम्ही त्यांच्यात फक्त चहाचे दोन कप वाढवतो.

अडचण एकच आहे, ती म्हणजे तुझी आई. 'ताई, तुझ्या सोबतीला येतो' म्हटलं तर ती आलेल्या एस्टीनेच मला परत धाडील. तुझे बाबा गेले तेव्हा मी राहिलो होतो, तर दिवसकार्य होताच तिने विचारलं, तुझी रजा कधी संपते? तिला कोणाची सोबत नको असते, कोणाचे उपकार तर त्याहून नकोत. म्हणून होडी. होडी हे माझं खूळ आहे, माझी म्हातारपणची थेरं आहेत, त्यात तिच्यावर कसलाच उपकार नाही. शहाण्या भावाला ती दारात उभं करणार नाही, खुळ्याला मात्र घरात घेईल. लहानपणापासूनचा अनुभव आहे.

तिला यातलं अक्षरही कळता कामा नये. नारळी पौर्णिमेला मी होडी घेऊन येतो, तूही ये. मामा इथे नीट राहू शकतो, होडी सांभाळू शकतो, हे तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मग ठरव. मासे धरायची वेळ आलीच तर मी डोळे मिटून घेईन.

तुझा मामा


तेरेखाडी, २० मे

चि. गंगाधर,

यशोदाच्या चार ओळी वाचल्या आणि मला सगळा उलगडा झाला.

माणूस आपल्याच गच्चीवर बसून घरापासून रत्नागिरीपर्यंत वल्हवत जातो, तेव्हा घरात काहीतरी बिनसलेलं असतं. अंकिताशी वाजलं का? मी त्या मुलीला दोनदाच भेटले आहे, पण गुणी वाटली. तुझं घोरणं, तुझा रेडिओ आणि तुझं धरण, हे सगळं एका घरात सहन करणारी सून लाखात एक. तिच्याशी बोल. बोलून मिटतं ते, त्याला होडी लागत नाही.

दुसरं. मी तुला लिहिलं की मला हे घर सोडायचं नाही. तू उत्तर दिलंस, बघू. आणि त्याच कागदावर विचारलंस, मागची खोली रिकामीच असते ना, पंखा चालतो का. वा रे भाऊ! वरद कुलूप घेऊन येतोय, तू खाट घेऊन येतोयस. माझ्या घराची चौकशी करणाऱ्यांत आता फक्त तलाठी यायचा राहिला. मला वाईट वाटलं. तुझ्याकडून तरी वाईट वाटायचं नव्हतं.

पडवी रिकामी नाही. तिथे ह्यांची होडी आहे, ताडपत्रीखाली. आंब्याच्या लाकडाची, कण्याची, उलांडीची. ती पडवीतच राहील. तिच्या शेजारी तुझं निळं घमेलं मी ठेवू देणार नाही.

आणि तसंही जून-जुलै मासेमारी बंद असते. सरकारला तुझ्यासारख्यांचा विचार करूनच हे सुचलं असणार. तोवर डोकं थंड होईल.

ताई


सोलापूर, २९ जुलै

ती. ताई,

डोकं थंड आहे, होडी घेतली.

अंकिताशी काहीही वाजलेलं नाही. तुझं पत्र वाचून तीच हसत सुटली आणि तेव्हापासून मला 'नावाडी' म्हणते आहे. तुझा राग मला पोचला. त्यावर मी आज काही लिहीत नाही, नंतर कधीतरी तुला आपोआप कळेल.

होडी तीच, निळी. तुझ्या कण्याबद्दल कुंडलिकला विचारलं होतं. तो म्हणाला, "सायब, कणा मान्साला लागतू. होडीला कशाला?" आणि बोलता बोलता त्याने ती टेम्पोत चढवलीसुद्धा. उजनी यंदा लवकर भरली, हा शुभशकुनच म्हणायचा.

नारळी पौर्णिमेला येतो. राखी तयार ठेव. वरदही येणार आहे असं कळलं, मला त्याचं आश्चर्य वाटलं. तुझ्या पडवीला मी हात लावणार नाही. होडी धक्क्याला बांधीन. सगळा जन्म धरणाच्या काठी गेला, होडी बांधताना पाहिलेली आहे आणि बांधलेलीही आहे. माझी गाठ सुटली असं आजवर झालेलं नाही.

तुझा,
गंगाधर


तेरेखाडी, १६ ऑगस्ट

चि. गंगाधर,

तू सुखरूप पोचलास असं यशोदाने फोनवर सांगितलं. फोनवर यायला तू तयार नव्हतास हेही सांगितलं. हरकत नाही, नियम आहेच.

'जातो' एवढाच शब्द लिहून, चहा न घेता, पहिल्या एस्टीने पळालास. तुला वाटलं असेल आठवडाभरात लोक विसरतील. यंदा मानाचा नारळ कोणी वाहिला ते लोक विसरले, पण तुझी होडी कोणी विसरलेलं नाही. कालच बाजारात एका अनोळखी बाईने मला विचारलं, टांगलेल्या होडीवाल्यांची बहीण ती तुम्हीच का? या गावात मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. आता ही माझी ओळख.

तू झोपला होतास, म्हणून सुरुवातीचा भाग तुला सांगते. पौर्णिमेची भरती, पाणी धक्क्याच्या काठाशी आलेलं, होडी धक्क्याला अगदी चिकटून उभी. तू तिला पुढून एक आणि मागून एक असे दोन आखूड दोर ताणून बांधलेस. वर गाठीवर गाठी. वरदला बोलावून दाखवलंस, बघ, इंचभर हलत नाही. मग घरी येऊन राखी बांधून घेतलीस, नारळीभात पुन्हा पुन्हा मागून घेतलास आणि घोरायला लागलास. संध्याकाळी शेवंती धापा टाकत आली, "बाईनू, तुमच्या भावाची होडी धक्क्याक टांगलली आसा!" मला वाटलं चेष्टा करते आहे. जाऊन बघते तर पाणी पुरुषभर खाली उतरलेलं आणि तुझी होडी दोन दोरांवर अधांतरी, पाळण्यासारखी झुलते आहे. खाली चिखलात खेकडे. सगळा गाव नारळ वाहायला आलेला, तो नारळ हातात धरून तुझी होडी बघत उभा. एकीने विचारलं, बारसं कधी?

तुमच्या उजनीचं पाणी सरकारी असतं. उतरायचं झालं तर आधी बैठक होते, कागद फिरतो, पेपरात येतं, मग कुठे ते हळूहळू खाली जातं. तोवर माणूस दहा वेळा येऊन दोर सैल करून जातो. इथलं पाणी रोज दोनदा उतरतं आणि कोणाला कळवत नाही. दोर लांब सोडायचा असतो, होडी पाण्याबरोबर खालीवर होईल इतका. मी तुला तळाबद्दल लिहिलं, काठाबद्दल लिहिलं, उलांडीबद्दल लिहिलं. दोराबद्दल नाही लिहिलं, कारण ही गोष्ट कोणाला सांगावी लागते हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढचं तू बघितलंस. मागची गाठ सुटली, होडी एका दोरावर उभी लटकली आणि आतलं सगळं चिखलात गेलं. शेंगाचटणीचा डबा, दोन सोलापुरी चादरी, तुझी टोपी. मी हसत होते, सगळेच हसत होते. मग मी तुझ्याकडे बघितलं आणि माझं हसू थांबलं. तू होडीकडे बघतच नव्हतास, तू वरदकडे बघत होतास. मला कळेना, होडी चिखलात गेली तर हा माझ्या मुलाकडे असा का बघतो आहे.

तू गेल्यावर वरद चहा पिताना म्हणाला, "बिचारा मामा. आता दिवाळीनंतर निघायचंच, आई." मी म्हटलं, मामाचा आणि दिवाळीचा काय संबंध? मुलगा माझाच आहे, खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. सगळं सांगितलं त्याने.

राखणदार! माझ्या घरात, मला राखणदार! आणि तोही पोहता न येणारा! गंगाधर, मला इतका संताप आला की सकाळभर मी भांडी आपटली. वरद बाहेर जाऊन बसला. मग मी मागे पडवीत गेले, ताडपत्री बाजूला केली, ह्यांच्या होडीच्या काठावर बसले आणि रडले. हे गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. माझा भाऊ गच्चीवर खाटेवर बसून वल्हवत होता आणि मी त्याला खुळा म्हणत होते. पंख्याची चौकशी केलीस म्हणून मी तुला काय काय लिहिलं. ते पत्र जपून ठेवलं असशील तर फाडून टाक.

आता माझं ऐक. मी विहिरीवर पडले नव्हते. दर शिमग्याला हे होडी पालथी करून तिच्या तळाला तेल लावायचे. एका बाजूला हे धरायचे आणि दुसरी बाजू मी धरायचे. यंदा एकटीनेच करायला गेले. होडी अर्धी वर आली आणि दुसरी बाजू धरायला कोणी नाही, हे मला तेव्हा कळलं. ती माझ्यावर कलंडली. शेवंतीला शपथ घातली आणि विहीर सांगितली. होडी सांगितली असती तर वरदने ती त्याच दिवशी विकली असती. आता त्यालाही सांगितलं आहे. त्याने कपाळावर हात मारून घेतला, तो अजून तिथेच असेल.

मग त्याला सांगितलं, मी पुण्याला येऊ शकत नाही. म्हणाला, का? म्हटलं, माझा धाकटा भाऊ इथे राहायला येतो आहे. त्याला भरती-ओहोटी कळत नाही, पोहता येत नाही, आणि आपल्या गाठीचा अभिमान आहे. अशा माणसाला समुद्राशेजारी एकटं सोडून मी अकराव्या मजल्यावर कशी बसू? वरद म्हणाला, खरं आहे, मामाला एकटं सोडणं बरोबर नाही. त्याचे कान लाल झाले नव्हते.

दसरा झाला की ये. यशोदाला घेऊन ये. राखणदार म्हणून येणार असशील तर स्टँडवरूनच परत जा. शिकाऊ म्हणून येणार असशील तर मागची खोली झाडून ठेवते, पंखा चालतो. पहिलं काम, ह्यांच्या होडीची दुसरी बाजू धरायची. तुझी निळी होडी शेवंतीने अंगणात नेली आहे, तिच्यात ती मिरचीची रोपं लावणार आहे. सपाट तळामुळे माती छान बसते म्हणाली.

ज्वारी इथे मिळत नाही.

तुझी ताई


सोलापूर, २४ ऑगस्ट

ती. ताई,

तुझं पत्र यशोदाने मोठ्याने वाचलं. मी वाचणार होतो, पण चष्म्यावर काहीतरी आलं होतं. शिवयोगीने गच्चीवरून विचारलं, "काका, आज वल्हं न्हाय का? पोचला वाटतं?" मी म्हटलं, "व्हय बाबा, पोचलो."

तुझं ते पत्र मी फाडणार नाही. तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल चुकलीस, त्याचा पुरावा घरात असू दे.

ज्वारी आणतो. चटणी पुन्हा आणतो. चादरी धुऊन ठेव, आम्हाला लागतील. मासे खाणार नाही, ते काही जमायचं नाही. पण ताट खिडकीशी नेणार नाही. तुझ्या शेजारी मांड.

कुंडलिकला सगळी हकिकत कळवली. तो म्हणाला, "सायब, होडीचा काय दोष न्हाय, समिंदरच बारका पडला."

शिकाऊ माणसाने विचारायला लाजू नये, म्हणून आताच विचारून ठेवतो.

ताई, दोर किती लांब आणू?

तुझा,
गंगाधर